हातचा

गोदूबाई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "मॅडम, तुमच्या ठकीला पकडलं वर. हातावर लिवलेलं गावलं." चारुताच्या हातात खडू होता. फळ्यावर एक छेद चार काढून झालं होतं, अधिकचं चिन्हही झालं होतं, आणि पुढचं एक छेद सहा काढताना त्या सहाचं पोट अर्धंच राहिलं. मागच्या बाकावरून भरत म्हणाला, "हातावर? येडी आहे काय! आम्ही तर मांडीवर लिहितो." वर्ग हसला. चारुताने खडू टेबलावर असा काही आपटला की त्याचे तुकडे पहिल्या बाकापर्यंत उडाले. "दात दाखवायचे असतील तर बाहेर जाऊन दाखव, भरत." लगेच सगळं चिडीचूप. तिने वर्ग शांत केला की तो असाच व्हायचा, फट्‌कन, दिवा विझवल्यासारखा. एरवी तिला त्याचं बरं वाटायचं. आज वाटलं नाही, कारण ठकीच्या हातावर काय लिहिलेलं असणार हे तिला गोदूबाईचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच कळलं होतं. कळलं म्हणजे डोक्यात नाही. जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकल्यावर कळतं तसं.

ती पायऱ्या चढत होती आणि गोदूबाई मागून धापा टाकत सांगत होती. पोरगी रडत नाही, नुसती भिंतीला टेकून उभी आहे, अपूर्व सरांनी पकडलं, राऊळ सर केबिनमध्ये बसलेत. "नळावर मीच नेली हात धुवायला. राऊळ सर बोलले, आकडे उतरवून घेतलेत, आता धू म्हणून. निरम्याने घासला तरी जाईना ते शाईचं." चारुताला वाटलं हिला सांगावं, बाई, गप बस जरा. पण गोदूबाईचा काय दोष. दोष कोणाचा हे तिला माहीत होतं आणि ते माहीत असणं पायऱ्यांबरोबर वर वर चढत होतं. ही परीक्षा म्हणजे काही युनिव्हर्सिटीची नव्हती. कॉलेजने आपली आपण काढलेली, 'पायाभूत गणित' नावाची. बारावी पास होऊन कॉमर्सला आलेल्या ज्या पोरांना टक्केवारी सोडा, साधी बेरीज धड येत नाही, त्यांच्यासाठी जिमखान्याच्या मागच्या खोलीत दुपारी वर्ग, आणि वर्षाच्या शेवटी ही परीक्षा, दोन तुकड्यांत, आज ठकीची तुकडी, उद्या भरतची. यात जो नापास झाला तो बसला, त्याचा वार्षिक परीक्षेचा फॉर्म कॉलेज पुढे पाठवत नाही. फॉर्म नाही म्हणजे वर्ष गेलं. भरतचं वर्ष गेलं तर भरतचा बाप सुकापुरात आणखी एक गाळा बांधेल आणि त्यात त्याला बसवेल. ठकीचं वर्ष गेलं तर ठकीची वसतिगृहातली खाट जाणार. आदिवासी मुलींच्या वसतिगृहाचा नियमच तसा, नापास झाली की जागा खाली करायची. जागा खाली म्हणजे शिरढोणच्या पुढची वीटभट्टी. आईबाप आणि भाऊ कान्हा तिथेच होते. ठकीने एकदा सहज सांगितलं होतं, डोक्यावर किती विटा घेतल्या की मान दुखायची थांबते ते. थांबते कशी, असं चारुताने विचारलं. "मान हाय असं वाटतच नाय मग," ठकी म्हणाली होती.

स्टाफरूममध्ये या वर्गाला बालवाडी म्हणायचे. पोरं स्वतःला कच्चे लिंबू म्हणायची. आणि नवीन पनवेलच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये, ओल आलेल्या भिंतीपाशी पालेभाजी निवडत आई म्हणायची, "एम.एस्सी. करून बेरजा शिकवतेस? मग मी काय वाईट होते गं, मी तर सातवी." चारुता ताट सरकवून उठायची. आईला काय सांगणार, की बेरीज शिकवणं फार कठीण आहे. जे आपल्याला कधी शिकल्याचं आठवतच नाही ते दुसऱ्याला कुठून धरून शिकवायचं? चालायला कसं शिकवतात मोठ्या माणसाला? पहिल्या वर्षी ती रोज घरी येऊन उताणी पडायची आणि छताकडे बघत विचार करायची, की एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश मिळून दोन पंचमांश असं लिहिणारा पोरगा नक्की काय बघतो. वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं, किती सरळ आहे. कधी कधी अर्धवट झोपेत तिला तेच बरोबर वाटायचं, आणि मग ती दचकून उठायची आणि अंधारात मनात छेद समान करायची. तिला स्वतःला गणित वडिलांनी शिकवलं. चूक झाली की दोन बोटांत पेन्सिल घालून वरून दाबायचे. बोटं अजून दुखल्यासारखी व्हायची पावसाळी हवेत, का तसं वाटायचं कुणास ठाऊक. पण गणित आलं. बोटं दाबली आणि गणित आलं, या दोन गोष्टी तिच्यात अशा चिकटून बसल्या होत्या की एक उचलली की दुसरी वर यायची. तिने वर्गात कधी कोणाला हात लावला नाही. हात लावायची गरजच पडत नव्हती. तिच्या तोंडाकडे बघून पोरं बोटं आखडून घ्यायची.

केबिनच्या बाहेर ठकी उभी होती. निळा पंजाबी ड्रेस, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, डावा हात ओला. तो हात ती अंगापासून जरा लांब धरून होती, जणू दुसऱ्याचा आहे, सांभाळायला दिलाय. चारुताला बघून ती ताठ झाली. चारुताने काही विचारलं नाही. विचारायला तोंड उघडलं असतं तर भलतंच काही निघालं असतं, राऊळ सरांना, अपूर्वला, त्या वसतिगृहाच्या नियमाला, आणि ते सगळं या पोरीच्या अंगावर पडलं असतं. म्हणून तिने ओठ मिटले आणि दार ढकललं.

तेव्हा मात्र तिने ओठ मिटले नव्हते, दिवाळीनंतर वर्गात. पाचशे अठ्ठ्याहत्तर अधिक तीनशे सदुसष्ट. ठकीने लिहिलं होतं आठशे पस्तीस. चारुता तिच्या डोक्यावर जाऊन उभी राहिली. "आठ आणि सात?" "पंधरा." "मग?" "पाच लिवलं. हातचा एक." "कुठाय हातचा?" "हाय ना मॅडम. ठेवलाय." आणि ठकीने डावी मूठ वर केली. मूठ बंद, त्यात एक बोट आत दुमडलेलं. चारुता बघतच राहिली. आश्रमशाळेतल्या गुरुजींनी सांगितलेलं, हातचा हातात ठेव, सांडू नको. पोरीने ठेवला. पहिलीपासून ठेवत आली. गणित संपलं की मूठ उघडायची, बस्. तो हातचा मग कुठे घालायचा हे गुरुजींनी सांगितलं नसेल, किंवा सांगितलं त्या दिवशी ही भट्टीवर असेल. "अगं मग तो पुढच्या घरात मिळवायचा!" चारुता ओरडली. ठकीने खरोखरच विचार केला. तिच्या कपाळावर आठी पडली आणि ती म्हणाली, "एककाचं त्ये एककाचं ना मॅडम. दुसऱ्याच्या घरात कसं टाकू?" भरत फिदीफिदी हसला. चारुताला त्या क्षणी हसू यायला हवं होतं. नंतर किती वेळा तिने ते वाक्य मनात घोळवलं, रिक्षात, भाजी घेताना, वडाळे तळ्याच्या कडेने चालताना, आणि दर वेळी तिला वाटलं, किती चांगला प्रश्न होता, त्यावर तास घेता आला असता एक. पण त्या क्षणी तिचं डोकं फिरलं होतं. "दहावी पास कशी झालीस तू?" ठकीने शांतपणे सांगितलं, "बाहेरून आलं, मॅडम. खिडकीतून. सगळ्यांना आलं." "आणि आता इथे कोण येणार खिडकीत? हातचा मुठीत ठेवून सुटतो ना तुझा? मग हातावर लिही! लिही, पुढच्या घरात मिळव, आणि काट मार! कळलं?" "व्हय." रागाने बोललेली गोष्ट. पण ठकीने ती तशीच्या तशी घेतली. दुसऱ्या दिवसापासून ती डाव्या तळहातावर अंगठ्याच्या खाली बॉलपेनने बारीक आकडा काढायची, तो पुढच्या घरात मिळवायची, त्यावर रेघ मारायची. आणि उत्तर बरोबर यायचं. गुणाकारही यायला लागले. मग टक्के. शिमग्याच्या सुमाराला तर ती पहिल्या बाकावर येऊन बसली होती आपली आपण. चारुताला माहीत होतं की हे हातावरून कागदावर न्यायला हवं, आकड्याच्या डोक्यावर बारीक लिहायला शिकवायला हवं, सगळं जग तसंच करतं. आज करू, उद्या करू. चालत्या गाडीला कोण थांबवतं. आणि खरं सांगायचं तर ते बघायला तिला आवडायचं, ती पोरगी मान वाकडी करून स्वतःच्या तळहातात बघते आणि तिथून तिला काहीतरी मिळतं ते.

राऊळ सर, उदयसिंह राऊळ, परीक्षाप्रमुख. गोड बोलणारा माणूस. "या, बसा मॅडम. पाणी घ्या." समोरच्या कागदावर अपूर्वने ठकीच्या हातावरचे आकडे उतरवले होते. एक, दोन, एक, एक, तीन, दोन. प्रत्येकावर काट. चारुताने बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. हातचे आहेत ते. हातचे, बेरजेतले. मीच सांगितलं तिला. अपूर्व खुर्चीत सरकला. पोरगेला, भला माणूस, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. "मॅडम, पेपरात पहिला प्रश्न पर्यायांचा आहे. पर्यायांना नंबर एक ते चार. हातावर एक ते तीन. मी काय समजणार?" "आणि पहिली दोन उत्तरं जुळतात," राऊळ सर म्हणाले. "प्रश्न एक, पर्याय एक. प्रश्न दोन, पर्याय दोन. पुढची नाही जुळत, पण दोन जुळतात." चारुताच्या डोक्यात लगेच हिशोब झाला, सोळात एकदा असं आपोआप होऊ शकतं, आणि हे सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. सोळात एकदा, हे या खोलीत कोणाला सांगणार. "तिची रफ बघा ना सर. बेरजा बघा. सगळ्या बरोबर आहेत." "बरोबर आहेत म्हणूनच तर, मॅडम." राऊळ सरांनी चष्मा काढला. "सहामाहीला हिला चार मार्क होते. चार. आता एकदम सगळं बरोबर? तुम्हीच सांगा, तुम्ही गणिताच्या." "मी शिकवलं म्हणून!" तिचा आवाज चढला आणि दाराबाहेर गोदूबाईची चप्पल सरकल्याचं ऐकू आलं. "शिकवलंत की, कोण नाही म्हणतं. पण मी वर काय लिहू? कॉमर्सच्या पहिल्या वर्षाची मुलगी हातचा हातावर लिहिते? मॅडम, लोक हसतील हो. तुम्हाला हसतील. तिला नाही, तुम्हाला." आणि यात वाईट काही नव्हतं. तो खरंच तिची काळजी करत होता. तेच तिला सहन होईना. भांडायला समोर माणूस असावा लागतो, इथे नुसती उशी होती.

"तिला बोलवा," चारुता म्हणाली. "तिला गणित द्या. तुमच्या डोळ्यांदेखत करू दे. ती हातावर लिहील आणि बरोबर करील. मग तर झालं?" राऊळ सरांनी अपूर्वकडे बघितलं. मग खांदे उडवले. "चला. ते पण करू. मला काय, मला पोरीचं वाईट करायचंय का?" हे त्यांनी मनापासून म्हटलं. चारुताला एकदम हलकं वाटलं, इतकं की तिला खिडकीबाहेरचा कर्नाळ्याचा सुळका दिसला, जो इथून नेहमीच दिसतो. झालं, सुटलो. हे तर पोरगी रोज करते.

ठकी आत आली. खुर्ची दिली तर बसेना. "बस," चारुता म्हणाली, आणि ती बसली. राऊळ सरांनी कोऱ्या कागदावर स्वतः बेरीज मांडली, सहाशे एकोणपन्नास अधिक दोनशे अठ्ठ्याहत्तर. "तिसरीतली आहे बाळ. घाबरू नकोस. कर तुझ्या पद्धतीने." पेन पुढे केलं. ठकीने पेन घेतलं. नऊ आणि आठ. तिचे ओठ हलले. सात लिहिला. मग डावा हात टेबलावर आला, उताणा, निरम्याने घासून पांढरट पडलेला, रेघांमध्ये अजून निळसर. पेन हाताकडे गेलं. आणि तिथे थांबलं. ठकीने वर बघितलं. राऊळ सरांकडे नाही, अपूर्वकडे नाही. चारुताकडे.

चारुता तिच्याकडेच बघत होती. जबडा घट्ट, डोळे ताणलेले. तिच्या आत काय चाललं होतं म्हणाल तर, लिही, लिही ना, लिही गं, याशिवाय दुसरं काही नव्हतं. सगळं अंग त्या पेनाच्या टोकाशी जमा झालं होतं. राऊळ सरांनी डोक्याच्या मागे हात बांधले होते, त्या हातांचा तिला राग येत होता, अपूर्वच्या खाली बघण्याचा राग येत होता, त्या पांढरट तळहाताचा राग येत होता. "लिही ना," ती म्हणाली. दोन शब्द. दातांतून आले.

ठकीने हात मागे घेतला. झटकन, चटका बसल्यासारखा. तो मांडीवर गेला, टेबलाच्या खाली. तिथे काय झालं ते चारुताला दिसलं नाही, पण मूठ मिटली असणार, त्यात एक बोट आत. चार आणि सात. एक लिहिला. सहा आणि दोन. आठ. पेन खाली ठेवलं, कागद नीट सरळ केला आणि पुढे सरकवला. आठशे सतरा.

राऊळ सरांनी कागद बघितला, अपूर्वला दाखवला, आणि उलटा करून ठेवला, मेलेल्या माणसाच्या तोंडावर चादर ओढतात तसा हलकेच. "बघा मॅडम," एवढंच म्हणाले. चारुता म्हणाली, "तिला परत द्या. दुसरं द्या." "किती वेळा देऊ?" "एकदा." "मॅडम." त्या एका शब्दात सगळं संपलं होतं आणि तरी ती बोलत राहिली. हातचा म्हणजे काय, घर म्हणजे काय, आश्रमशाळा, गुरुजी, मूठ. आपलंच बोलणं तिला लांबून ऐकू येत होतं, आणि ते एखादी बाई काहीतरी झाकायला बोलत असते तसं येत होतं. अपूर्वने मध्येच पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. ठकी खाली मान घालून ऐकत होती, वर्गात ऐकायची तशीच, लक्ष देऊन.

बाहेर व्हरांड्यात ऊन तिरपं आलं होतं. खाली मैदानात पोरं टेनिसच्या बॉलने क्रिकेट खेळत होती आणि कोणीतरी आउट असूनही जात नव्हता, त्याची आरडाओरड चालली होती. गोदूबाई झाडू घेऊन लांब उभी राहिली, झाडायचं काही नव्हतं तरी. चारुताने ठकीचा दंड धरला. "का नाही लिहिलंस? रोज लिहितेस ना? मी सांगत होते ना लिही म्हणून?" आवाज व्हरांडाभर गेला.

"तुमी रागावला होता."

"तुझ्यावर नाही गं!"

ठकीने जरा विचार केला. "मला काय ठावं, मॅडम. तोंड त्येच होतं." मग समजावल्यासारखं म्हणाली, "मला वाटलं हातावर लिवल्याचाच राग हाय. त्याच्यापायी तर धरलं. आनि लिवलं असतं तर तुमी वरडला असता सगळ्यांच्या म्होरं." तिने दंड सोडवून घेतला नाही. चारुतानेच सोडला. तिथे बोटांचे वळ उठले होते.

"मी जाते सरांकडे परत. उद्या प्रिन्सिपॉलकडे जाते. वसतिगृहात येते, तुमच्या बाईंशी बोलते."

"कशाला. कान्ह्याला निरोप धाडते मी. ट्रंक जड हाय, तो येईल न्यायाला." ठकी कठड्यापलीकडे बघत होती, मैदानातल्या भांडणाकडे. "भट्टी हाय अजून पाऊस पडंतवर." हे तिने असं सांगितलं की चारुताला बरं वाटावं, निदान रिकामी बसणार नाही मी, अशा सुरात. आणि मग, अगदी सहज, "तुमी चांगलं शिकीवलं, मॅडम. मला येत होतं."

निदान चेहरा तरी सैल करावा असं चारुताला वाटलं, एकदा तरी, जाण्याआधी हिला एक साधा, न चिडलेला चेहरा दिसावा. तिने भुवया खाली आणल्या. जबडा सोडायचा प्रयत्न केला. ओठांचे कोपरे ओढले. गालात कुठेतरी काहीतरी थरथरलं, डोळे चुरचुरले, आणि ते सगळं मिळून चेहऱ्यावर काय तयार झालं हे तिला आतून कळेना. ती त्या तशा तोंडाने ठकीकडे वळली.

ठकी एक पाऊल मागे सरली. दोन्ही हात पाठीमागे गेले.

"चुकलं, मॅडम," ती घाईघाईने म्हणाली. "परत नाय करनार."